व्हाइटनरखालचं नाव

रुग्णालयात काम करणाऱ्यांना तिथे न्यायाने वागवलं जातं असं वाटतं का, आणि वाटत नसेल तर नेमकं कुठे खटकतं, असं मागच्या अंकात विचारलं होतं. पगारावरच पत्रांचा पाऊस पडेल अशी माझी अटकळ होती. पगार आहेच. पण बहुतेक पत्रांतला खरा राग दुसऱ्याच कशावर तरी निघालाय: भिंतीवरची ड्युटी लिस्ट, एखादा मेमो, कुणी सांगितलंच नाही असं एखादं कारण. मी ३४ वर्षं रुग्णालयांत काढली, त्यातली ११ वर्षं वॉर्डची इनचार्ज म्हणून. म्हणजे अन्याय सोसलाही आणि केलाही. चार पत्रं निवडली आहेत. पहिल्याच उत्तराने निम्मी जागा खाल्ली, त्याला इलाज नाही.

प्रश्न : मी अतिदक्षता विभागात नऊ वर्षं स्टाफ नर्स आहे. आमच्याकडे दर महिन्याच्या २५ तारखेला पुढची ड्युटी लिस्ट लागते. गेल्या सहा महिन्यांत माझ्या वाट्याला ४६ नाइट आल्या आणि माझ्याबरोबरच लागलेल्या मैत्रिणीच्या वाट्याला २९. मी वहीत मोजून ठेवल्यात. इनचार्ज सिस्टरांना विचारलं तर म्हणाल्या, "तुला कुठे लहान मूल आहे? तुला काय प्रॉब्लेम?" घरी नवरा म्हणतो, नाइटचा भत्ता मिळतो ना, मग कशाला मनाला लावून घेतेस. खरं सांगायचं तर मला नाइटचा त्रासही फारसा होत नाही. तरी ती लिस्ट दिसली की पोटात कालवतं. माझं मन कोतं झालंय का? — एक परिचारिका

उत्तर : कोत्या मनाचा माणूस वही ठेवत नाही, नुसता धुसफुसतो. तुम्ही सहा महिने मोजलंत. तेव्हा ते ओझं आधी उतरवून ठेवा.

तुमच्या यजमानांचं गणित बरोबर आहे, फक्त ते वेगळ्याच प्रश्नाचं आहे. जॉन स्टेसी ॲडम्स या मानसशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये मांडलं होतं की नोकरीत आपण किती घालतो आणि किती मिळतं याचा हिशेब माणूस मनात करत असतो, आणि तो शेजारच्याच्या हिशेबाशी लावून पाहतो. शेजारचा म्हणजे आपल्यासारखाच कुणीतरी. तुम्ही सर्जनशी बरोबरी केली नाहीत, अधीक्षकांशी केली नाहीत, बरोबर लागलेल्या मैत्रिणीशी केलीत. ४६ आणि २९ हा त्या तराजूतला फरक, आणि भत्त्याने तो थोडाफार भरूनही निघेल. पण नाइटचा त्रास फारसा नाही असं तुम्हीच लिहिलंय. मग पोटात कालवतं ते कशाने? मला विचाराल तर "तुला काय प्रॉब्लेम?" या तीन शब्दांनी. त्यांच्या पोटात एक अख्खा नियम दडलाय: मूल नसणारीने रात्री भरायच्या. हा नियम कधी झाला, कुणी केला, कुठे लिहिलाय, आणि जिने तो भरायचा तिला कुणी विचारलं होतं का?

इथे माझीच गोष्ट सांगते. इनचार्ज होऊन वर्षही झालं नव्हतं. बावीस खाटांचा मेडिसिनचा वॉर्ड, चौदा नर्सेस. लिस्ट मी फुलस्केपवर हाताने करायची, दिवसपाळ्या निळ्या पेनाने आणि नाइट लाल. लावली रे लावली की दोन दिवसांत तिघी-चौघी केबिनच्या दाराशी यायच्या. कुणाची परीक्षा, कुणाची आई आजारी, कुणाकडे लग्न. मी ऐकून घ्यायची, व्हाइटनर लावायची, वाळेपर्यंत फुंकर मारायची आणि वर दुसरं नाव लिहायची. प्रत्येक बदलाला कारण होतं. कुणी विचारलं असतं तर सांगितलंही असतं. कुणी विचारत नव्हतं, म्हणून सगळं ठीक आहे अशी माझी समजूत.

एकदा दुपारी ओव्हर देऊन, म्हणजे पुढच्या पाळीकडे काम सोपवून, मी निघाले आणि चष्मा विसरला म्हणून परत आले. ट्रीटमेंट रूममध्ये दोघी पाठमोऱ्या उभ्या. बोर्डावरची लिस्ट त्यांनी काढली होती आणि एक्स-रे बघायच्या व्ह्यू बॉक्सला चिमटे लावून अडकवली होती. दिवा चालू. पाठीमागून उजेड आला की व्हाइटनरखालचं जुनं नाव काळं उमटतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. एक वाचत होती: "सोळा तारखेला आधी हिचं होतं, आता हिचं झालंय." दुसरी ग्लोव्हजच्या रिकाम्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर उतरवून घेत होती. निम्म्या मिनिटाने मी खोकले.

त्या दोघी दचकल्या खऱ्या, पण लाज वाटली ती मला. जी लिहून घेत होती तिची एकही ड्युटी मी त्या महिन्यात बदलली नव्हती. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, "तुझं नाव कुठेच हललेलं नाही, मग तुला काय करायचंय?" ती म्हणाली, "सिस्टर, कुणाची बदलते आणि काय सांगितलं की बदलते, ते कळलं तर मलाही कधीतरी सांगता येईल ना."

मुलगी तेवीस वर्षांची होती. तिला ड्युटी बदलून नको होती. ड्युटी कशी बदलते, ते हवं होतं.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका प्रशिक्षणात जेराल्ड लेव्हेन्थल या मानसशास्त्रज्ञाचं नाव कानावर पडलं. निर्णयाची पद्धत लोकांना न्याय्य कधी वाटते, याच्या सहा कसोट्या त्यांनी १९८० मध्ये लिहून ठेवल्यात. सगळ्यांना आणि सगळ्या वेळी एकच माप. ठरवणाऱ्याने आपली आवडनिवड बाजूला ठेवणं. खऱ्या माहितीवर ठरवणं. चूक झाली तर दुरुस्तीची वाट. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांचं ऐकणं. आणि सगळं नीतीला धरून असणं. वर्गात बसल्या बसल्या मी माझी ती फुलस्केप या कसोट्यांना लावून पाहिली. नीतीत पास. आवडनिवड, बहुधा पास. माहितीत सपशेल नापास, कारण कुणी किती नाइट केल्या हे मी आठवणीवर चालवत होते, आणि आठवणीत जोरात रडणारी तेवढी राहते. दुरुस्तीत तर विचारूच नका. दुरुस्ती होती, पण केबिनचं दार ढकलायची छाती असेल तिच्यापुरती. चौदा जणींत अशा पाच होत्या. बाकीच्या नऊ जणी त्या पाच जणींच्या नाइट भरत होत्या आणि मला वाटत होतं की मी सगळ्यांचं ऐकते.

व्ह्यू बॉक्सच्या प्रसंगानंतर मी तीन गोष्टी केल्या. व्हाइटनरची बाटली केबिनमधून हद्दपार केली. बदल करायचा तर एका रेघेने खोडायचं, जुनं नाव वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी दोघींच्या सह्या. लिस्टजवळ दोऱ्याने एक वही टांगली. २० तारखेपर्यंत ज्याची त्याची मागणी त्यात, कारणासकट, सगळ्यांना दिसेल अशी. (दुखणं किंवा घरातली नाजूक गोष्ट असेल तर वहीत नुसतं 'भेटून सांगते'. सगळंच चव्हाट्यावर कशाला?) आणि प्रत्येक नावापुढे वर्षाच्या सुरुवातीपासूनच्या नाइटचा चढता आकडा.

नाइट समान झाल्या का? मुळीच नाही. एक गरोदर होती. एकीला फिट्स यायच्या, तिला जागरण चालणारच नव्हतं. वर्षाच्या शेवटी आकड्यांत चांगलं वीसचं अंतर राहिलं. कुरकुरही थांबली नाही, पण ती माझ्या तोंडावर व्हायला लागली. मला ती बढतीच वाटली.

आता तुमच्या पोटातल्या कालवण्याबद्दल. ते मनाचे खेळ नाहीत. जेरल्ड ग्रीनबर्ग या संशोधकाने २००६ मध्ये चार रुग्णालयांतल्या ४६७ नर्सेसचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन ठिकाणी पगाराचं धोरण बदलून हातात येणारा पैसा घटला होता, दोन ठिकाणी काही बदललं नव्हतं. पगार घटलेल्यांची झोप उडाली, हे अभ्यासाशिवायही कुणी सांगितलं असतं. पुढचं ऐका. काही पर्यवेक्षकांना शिकवलं गेलं होतं की माणसांशी आदराने कसं बोलावं, कारणं कशी सांगावीत. त्यांच्या हाताखालच्या नर्सेसची झोप कमी बिघडली, आणि सहा महिन्यांनीही तो फरक टिकून होता. पगार मात्र त्यांचाही घटलेलाच. त्याआधी २००२ मध्ये फिनलंडमधल्या चार हजारांवर रुग्णालय कर्मचाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं होतं की ज्यांना निर्णयांची पद्धत किंवा वरिष्ठांची वागणूक अन्यायाची वाटते, त्यांची तब्येतही जास्त खालावलेली असते आणि आजारपणाच्या रजाही जास्त पडतात.

मग करायचं काय? इनचार्ज सिस्टरांकडे परत जा, पण ओव्हरच्या घाईत नको. मैत्रिणीचं नाव काढू नका. लिस्ट तिने केलेली नाही, उगाच दोघींत वाकडं येईल. नाइट कमी करा, असंही म्हणू नका. वही पुढे ठेवा आणि विचारा, "सिस्टर, नाइट कशा ठरतात तो नियम मला सांगाल का?" त्यांनी मुलांचंच कारण पुन्हा दिलं तर ते उडवून लावू नका. तान्हं मूल असलेलीला सवलत द्यावी, मीही दिली आहे. पण ती सवलत कुणाच्या तरी रात्रींतून जाते. जिच्या रात्रींतून जाते तिला विचारलेलं असावं, त्याची नोंद असावी, आणि ती कधी संपणार ते ठरलेलं असावं. मूल मोठं होतं, सवलत तान्हीच राहते, असं मी फार पाहिलंय. नियमच नाही असं उत्तर आलं, तर दोन आकडे आणि एक प्रश्न असं अर्ध्या पानाचं पत्र मेट्रनना द्या. तक्रार असा शब्दही त्यात नको.

आणि थोडं तुमच्या इनचार्जच्या बाजूने. चौदा जागांच्या लिस्टवर अकरा नावं घेऊन बसण्याची वेळ माझ्यावरही आली आहे. अपुऱ्या माणसांत वाटणी केली की ती कुणालाच बघवत नाही. त्यांना तुमच्या वहीची मदतसुद्धा होईल कदाचित, कारण माझ्यासारख्याच त्याही आठवणीवर चालवत असतील.

प्रश्न : मी रुग्णालयाच्या औषध विभागात आहे. चिठ्ठीवर डॉक्टरांनी '.५' लिहिलं होतं, टिंब पुसट होतं. मी ५ वाचून औषध वर पाठवलं. दहा मिनिटांनी शंका आली म्हणून स्वतःच वॉर्डला फोन केला आणि परत मागवलं. पेशंटला ते दिलंच गेलं नव्हतं. नियमाप्रमाणे मीच घटनेचा रिपोर्ट लिहिला. मेमो मला मिळाला, डॉक्टरांना कुणी काही बोललं नाही. त्यानंतर आमच्या विभागातून एकही रिपोर्ट गेलेला नाही, आणि परवाच्या बैठकीत 'या तिमाहीत चुका शून्य' म्हणून टाळ्या वाजल्या. मी पुढच्या वेळी रिपोर्ट लिहू का? — एक फार्मासिस्ट

उत्तर : लिहा. राग गिळून लिहा. तुमच्या त्या दहा मिनिटांमुळे एक माणूस वाचला, हे आधी कुणीतरी तुम्हाला म्हणायला हवं होतं, म्हणून मी म्हणते.

तो शून्य मला चुकांपेक्षा भयंकर वाटतो. एमी एडमंडसन या संशोधिकेने १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या नर्सिंग विभागांत औषधांच्या चुका तपासल्या होत्या. जिथे माणसांचं एकमेकांशी चांगलं जमतं तिथे चुका कमी असणार, असा त्यांचा अंदाज. आकडे आले उलटे. चांगल्या विभागांत चुका जास्त नोंदलेल्या! पुढे उलगडलं की तिथली माणसं चूक सांगायला घाबरत नव्हती, आणि बाकीच्यांकडे चुका गालिच्याखाली जात होत्या. तुमच्या विभागाच्या गालिच्याखाली सध्या काय काय आहे, ते टाळ्या वाजवणाऱ्यांना दिसत नाही.

मेमो एकाच्या हातात पडतो, वाचतात मात्र सगळे. तुमच्या विभागात जेवढी माणसं आहेत तेवढ्यांनी त्या दिवशी दोन गोष्टी वाचल्या. सांगणारा अडकतो, ही एक. आणि माप हुद्द्याप्रमाणे बदलतं, ही दुसरी. यातली दुसरी जास्त खोल जाते. मी एकदा चुकीच्या पेशंटला इंजेक्शन देता देता थांबले होते, तेव्हा वरिष्ठ डॉक्टरांनी सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढली. ती मी विसरले. पण त्याच आठवड्यात त्यांच्याच हाताखालच्या डॉक्टरने तेच केलं, तेव्हा ते हसून "होतं असं" म्हणाले. ते हसू अजून आठवतं.

जेम्स रीझन यांनी मानवी चुकांवर आयुष्यभर काम केलं. चूक आणि बेपर्वाई यांत रेघ ओढणारी, माणसांना न्यायाने वागवणारी संस्कृती कशी असावी, हे त्यांनी १९९७ मध्ये मांडलं. त्यातली एक तपासणी तुमच्या उपयोगाची आहे. त्याच जागी, तेवढंच शिकलेला आणि तेवढाच अनुभवी दुसरा कुणी बसवला असता, तर त्याच्या हातूनही हेच घडलं असतं का? घडलं असतं, तर माणसाला शिक्षा करून हाती काही लागत नाही. पुसट टिंब तसंच राहतं.

मेमोला लेखी उत्तर द्या, गप्प बसून तो फाइलला लागू देऊ नका. पेशंटचं नाव झाकून चिठ्ठीची छायाप्रत जोडा. किती वाजता औषध गेलं, किती वाजता फोन केला, एवढंच लिहा, विशेषणं नकोत. मग तो वरचा प्रश्न विचारा. आणि एक सूचना करा, जी डॉक्टरांवर आरोप न करता मुळावर बोट ठेवते: दशांश चिन्हाच्या आधी शून्य लिहिलाच पाहिजे, '.५' नव्हे '०.५'. पूर्ण आकड्यानंतर मात्र टिंब आणि शून्य नको, कारण '५.०' चे ५० व्हायला वेळ लागत नाही. औषधसुरक्षेतला हा जुना, सर्वमान्य नियम आहे. तो औषध समितीने लेखी काढला, तर तुमचा मेमो मागे घेतला नाही तरी त्याचा अर्थ बदलेल.

प्रश्न : मी एका रुग्णालयात मनुष्यबळ विभागात आहे. 'तुमच्या कामाच्या ठिकाणी न्याय होतो असं वाटतं का' यावर आम्ही कर्मचाऱ्यांचं सर्वेक्षण केलं. सरासरी ५ पैकी ३.४ आली. व्यवस्थापन समाधानी आहे. मला मात्र कॉरिडॉरमध्ये वेगळंच ऐकू येतं. आमचं कुठे चुकलं? — एक अधिकारी

उत्तर : कॉरिडॉरवर विश्वास ठेवा.

एकाच प्रश्नात तुम्ही चार प्रश्न कोंबलेत. जेसन कोलक्विट या संशोधकाने २००१ मध्ये या विषयावर २० प्रश्नांची एक मोजपट्टी तयार केली, ती जगभर वापरतात. तिचे चार भाग आहेत: काय मिळालं, कसं ठरलं, माणूस म्हणून कसं वागवलं, आणि कारण नीट सांगितलं का. एखाद्या विभागात पगारावर सगळे नाराज आणि इनचार्जवर खूश असतील, दुसऱ्यात नेमकं उलट. दोन्हींची सरासरी एकच येईल, आणि उपाय एकाचाही कळणार नाही. त्यात आयसीयूची सकाळ आणि लॉन्ड्रीची रात्र तुम्ही एकाच आकड्यात घातलीत.

पण मला जास्त शंका आहे ती फॉर्मच्या प्रवासाची. फॉर्म कुणी वाटले? वॉर्ड इनचार्जने? गोळा कुणी केले? तिनेच? वर कर्मचारी क्रमांकाचा रकाना होता का? माझ्या हाती एकदा असा गठ्ठा आला होता. एका अख्ख्या पाळीच्या आठ फॉर्मवर एकाच जाड हिरव्या पेनाच्या खुणा, सगळ्या 'सहमत' वर. एकीने बसून आठही भरले होते. चौकशी केली तर म्हणाली, "मॅडम, मागच्या वेळी ज्यांनी खरं लिहिलं त्यांना मीटिंगमध्ये उभं केलं होतं." तो गठ्ठाही व्यवस्थापनाला आवडलाच होता.

पुढच्या वेळी मत विचारू नका, घडलेलं विचारा. 'गेल्या तीन महिन्यांत तुमची ड्युटी आयत्या वेळी बदलली का? कारण कुणी सांगितलं? त्यावर काही म्हणायची संधी मिळाली?' फॉर्म बंद पेटीत टाकू द्या, पेटी इनचार्जच्या टेबलापासून लांब ठेवा. विभागवार आणि पाळीवार आकडे काढा, पण चार-पाच जणांचा विभाग असेल तर तो वेगळा दाखवू नका, कुणी काय लिहिलं ते लगेच ओळखू येतं. आणि निकाल नोटीस बोर्डावर लावण्याची तयारी नसेल, तर विचारूच नका. विचारून गप्प बसलं की न विचारण्यापेक्षा वाईट होतं.

एक मात्र नक्की तपासा: फॉर्म कंत्राटी कामगारांना दिले होते का? पुढचं पत्र वाचा म्हणजे कळेल का विचारते.

प्रश्न : पत्र मुलीकडून लिहून घेतलंय. मी १२ वर्षं एकाच वॉर्डात सफाई करते. कंत्राटदार तीन बदलले, मी तिथेच आहे. गेल्या महिन्यात कचऱ्याची काळी पिशवी उचलताना आतली सुई बोटात गेली. सिस्टरांनी बोट धुवायला लावलं, रजिस्टर काढलं आणि विचारलं, 'कर्मचारी क्रमांक?' माझ्याकडे नंबर नाही. मग रजिस्टर मिटलं. तक्रार केली तर कंत्राटदार काढून टाकेल. गप्प बसू का? — सफाई कामगार

उत्तर : ताई, न्यायाचं नंतर बघू, आधी बोटाचं. सुई टोचल्यावर एचआयव्हीविरोधी औषधं सुरू करायची ती ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकं बरं. ती वेळ गेली, आणि ती तुम्ही घालवलेली नाही. पण रक्ततपासणी अजूनही करायची आहे. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, तिन्हीची. साधारणपणे सुई टोचल्यावर लगेच, मग ६ आठवड्यांनी आणि ३ महिन्यांनी तपासतात. पहिली राहिली असेल तर उद्या करा. हिपॅटायटिस बीची लस घेतली नसेल तर तीही डॉक्टरांना विचारा, तिचे तीन डोस असतात.

इनचार्ज असलेल्या वाचकांनो, हा परिच्छेद तुमच्यासाठी. काळ्या पिशवीत सुई गेली ती सफाईवाल्या बाईने टाकलेली नसते. ती तुमच्या-माझ्यापैकी कुणाच्या तरी हातून गेलेली असते. इजा आमची चूक, बोट तिचं, आणि नोंद मात्र होत नाही, कारण रकान्यात भरायला आकडा नाही! रजिस्टर इजेचं आहे, हजेरीचं नव्हे. नंबराच्या रकान्यात 'सफाई, रात्रपाळी' असं लिहून मी अशा नोंदी केल्या आहेत. वरून एकदा विचारणा झाली. मी म्हटलं, जखम झाली ती लिहिली. पुन्हा कुणी विचारलं नाही.

ताई, तक्रार हा शब्द वापरू नका. ज्या सिस्टरांनी बोट धुवायला लावलं त्यांच्याकडेच जा, त्यांचं मन वाईट दिसत नाही. हे पान दाखवा आणि म्हणा, "माझी तेवढी नोंद करा आणि रक्त तपासायला चिठ्ठी द्या." एकट्या जाऊ नका, पाळीतली दुसरी कुणी बरोबर घ्या. तिच्याही बोटाला कधी ना कधी सुई लागलेली असेल. आणि मुलीला सांगा, कोणती तारीख, किती वाजता, कोणत्या खोलीतली पिशवी, त्या वेळी ड्युटीवर कोण होतं, हे तुम्हाला आठवतंय तोवर आज रात्रीच लिहून ठेव म्हणावं.